हल्याला बांधलेलं रीळ

"काकू, निवांत बसून दुकानाच्या आठवणी लिहा," असं दिवाळी अंकवाल्यांनी सांगितलं. निवांत बसता आलं असतं तर मी जन्मभर गल्ल्यामागे उभी कशाला राहिले असते? हे पहिलं पान पुरं व्हायच्या आत मी दूध पाहून आले, फाटकाची कडी लावून आले आणि एकदा तर काहीच कारण नसताना अंगणात चक्कर मारून आले. माझा स्वभावच तसा. हाताला सारखा चाळा लागतो. आणि नशीब बघा, अशा बाईच्या वाट्याला धंदा आला तो मासे धरायच्या सामानाचा. ज्यांना पाण्याकडे बघत अख्खी दुपार घालवायची असते अशा लोकांशी माझी गाठ, आणि मला चहा उकळेपर्यंत धीर नाही.

साकोलीला हमरस्त्यावर, एस.टी. स्टँडच्या जरा पुढे आमचं दुकान होतं. बाहेर दोरखंडांची वेटोळी, आत जाळ्याचं सूत, शिशाच्या गोळ्या, बुचं आणि गऱ्या. गरी म्हणजे खरं तर मासा अडकवायचा आकडा, पण आमच्याकडे काठी, दोरा, आकडा सगळं मिळून गरीच म्हणतात. आमचा जिल्हा तलावांचा. जवळपास प्रत्येक गावाला तलाव आणि तलावावर ढिवरांची, म्हणजे आमच्याकडच्या कोळ्यांची, जाळी. आमची चूल पेटायची ती या ढिवर मंडळींना विकलेल्या सुतावर. एक म्हातारी ढिवरीण सूत न्यायला आली की काचेच्या कपाटातल्या रिळांकडे बघून दर वेळी विचारायची, "वयनी, हे खेळणे अजून खपले नाही काय?"

खपायची, पण हौशी लोकांत. कारखान्यातले साहेब, बँकेतले मॅनेजर, जंगलखात्याचे रेंजर, आणि धानाची रोवणी आटोपली की घरात पाय न ठरणारे काही शेतकरी. आमचे हे वर्षातून एकदोनदा कलकत्त्याला जाऊन रिळं आणायचे. हे फार शांत. घराला आग लागली तरी आधी चष्मा शोधतील, मग बादली. त्यामुळे माल निवडायचं काम त्यांचं आणि विकायचं माझं, अशी वाटणी आपोआप झाली होती.

ज्यांनी रीळ पाहिलं नाही त्यांना सांगते. शिवणयंत्राचं रीळ असतं ना, ते मुठीएवढं करा, त्याला हँडल लावा आणि आत ब्रेक बसवा. झालं. ते काठीला बांधायचं, त्यावर नायलॉनचा दोरा गुंडाळायचा. लहान मासा असेल तर या सगळ्याचं कामच नाही, काठी उचलली की मासा बाहेर. खरी परीक्षा मोठा मासा लागला की. तो पळतो. तेव्हा दोरा आवळून धरला तर तटकन तुटतो, आणि मोकळा सोडला तर मासा पाण्यातल्या खोडात शिरून बसतो. दोरा सुटला पाहिजे, पण माशाला ओढायला लावून सुटला पाहिजे. हे काम ब्रेकचं. बाकी पितळ किती चकाकतं आणि मूठ कोणत्या लाकडाची, ही सगळी नटवेगिरी.

पण गिऱ्हाईक ब्रेक पाहील तर शपथ. रीळ हातात घेतलं की माणूस ते कानाला लावायचा. हँडल फिरवलं की आतून कुर्रर्र आवाज येतो, तो डोळे मिटून ऐकायचा आणि रीळ पसंत करायचा. कारखान्यातले एक बंगाली साहेब तर माझी सगळी रिळं एकामागून एक ऐकायचे, आणि शेवटी पहिल्यांदा ऐकलेलं घेऊन जायचे. एका बँकेच्या मॅनेजरांना आवाज न करणारं रीळ हवं होतं. मी म्हटलं, साहेब, आवाज आला नाही तर मासा लागलेला कळेल कसा? ते इकडेतिकडे बघून म्हणाले, मासा नाही लागला तरी चालेल, पण मी घरी रीळ फिरवत बसतो ते बायकोला ऐकू जाऊ नये.

या कान लावण्याला मी विटले होते. त्यातूनच माझी सायकलची युक्ती निघाली. समोर पानठेला होता, तिथे कोणी ना कोणी सायकल टेकवून उभा असायचाच. त्याला पान खिलवायचं, दोऱ्याचं टोक त्याच्या कॅरिअरला बांधायचं आणि सांगायचं, भाऊ, सुसाट जा. इकडे काठी गिऱ्हाइकाच्या हातात. सायकल लाखनीच्या दिशेनं सुटली की रीळ किंचाळायचं, आणि मी ओरडायची, आता ब्रेक आवळा, थोडा, अजून थोडा. सायकलवाल्याला चढ लागल्यासारखं झालं म्हणजे रीळ चांगलं. सायकलवाला पडला तर ब्रेक कडक. चारदोन पडलेही, पण पानावर भागलं. रेंजर साहेबांनी पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा त्यांना वाटलं माझं डोकं फिरलंय. नंतर तेच गाडी थांबवून लोकांना दाखवायचे.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ती दौलतकाकांची.

दौलतकाका माझ्या माहेरचे, पवनी तालुक्यातल्या आसगावचे. आमच्या धानाच्या बांध्यांना, म्हणजे शेतांना, लागून त्यांच्या बांध्या. रक्ताचं नातं नाही, पण गावची लेक म्हणून ते मला बाई म्हणायचे आणि मी त्यांना काका. सामान जवळ पवनीतही मिळालं असतं, पण गावच्या लेकीचं दुकान सोडून दुसरीकडे जायचं म्हणजे त्यांना पाप वाटायचं. दोन बसगाड्या बदलून ते साकोलीला येत. बायको लवकर गेली होती. घरात ते आणि त्यांचा मुलगा हिरामण. दोघांना एकच नाद, गरीचा. गावच्या तलावावर बापलेक पाठीला पाठ लावून बसायचे, अन् दिवसभरात चार शब्द बोलायचे नाहीत.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दोघं पहिलं रीळ घ्यायला आले. हिरामण तेव्हा मिसरूड फुटलेला, धिप्पाड गडी. काकांनी रिवाजाप्रमाणे रीळ कानाला लावलं. हिरामणनं मात्र मला विचारलं, ताई, याचा ब्रेक कुठं आहे? मला तो तिथंच आवडला. सायकलची परीक्षा झाली, रीळ ठरलं. मग काकांनी पिशवीतून टोरीच्या तेलाची बाटली काढली आणि पहिला थेंब स्वतःच्या हातानं रिळात सोडला. टोरी म्हणजे मोहाच्या बिया. आमच्या गावाकडे बैलबंडीच्या आखाला तेच, दाराच्या बिजागरीला तेच, फुटलेल्या टाचांनाही तेच. तेल घालता घालता ते लेकाला सांगत होते, याले उपाशी ठेवजो नोको, आठ दिसानं तेल पाजत जाजो. हिरामणनं मान हलवली.

पुढं हिरामणचं शेतीत मन लागेना. चिखलात त्याचे पाय, पण नजर रस्त्यावर. साकोलीला आला की माझ्या दुकानासमोर उभा राहून कलकत्त्याकडून, रायपूरकडून येणारे ट्रक बघत बसायचा. एकदा अशाच कोणाच्या तरी ओळखीनं विशाखापट्टणमला गेला, समुद्र पाहून आला आणि घरी येऊन म्हणाला, मला तिथं मासेमारीच्या बोटीवर काम मिळतंय, मी चाललो.

काका भडकले. शेतकऱ्याचं पोर दुसऱ्याच्या बोटीवर मासे मारणार, हे त्यांच्या डोक्यात मावेना. ढिवराचं काम त्यांनी हलकं मानलं, हे सरळच सांगते. भर चौकात, चार लोकांसमोर ते म्हणाले की गेलास तर माझ्या दारात पाय ठेवू नको. हिरामण अंगावरचे कपडे आणि ते रीळ घेऊन निघून गेला. मला हे कळलं तेव्हा माझा असा जीव जळला की मी भावाच्या लग्नाला आसगावला गेले असताना मांडवातच काकांना ऐकवलं. म्हटलं, पोराला पाण्याकाठी बसवलं कोणी? गरी हातात दिली कोणी? आता पाणी मोठं झालं म्हणून तो वाईट झाला काय? काका उठून गेले. जेवले नाहीत.

बरीच वर्षं गेली. बाप आसगावात, लेक समुद्रावर. ना याचा निरोप त्याला, ना त्याचा याला. दोघांना मध्ये जोडणारं एकच ठिकाण होतं, ते म्हणजे हमरस्त्यावरचं माझं दुकान. काका गरीचा दोरा न्यायला यायचे, कपाटातली रिळं न्याहाळायचे, आणि सहज विचारल्यासारखं करायचे, तिकडचे ट्रक अजून इथंच थांबतात काय? थांबतात म्हटलं की बरं म्हणायचे. पुढं काही नाही. मला वाटायचं खांदे धरून हलवावं यांना.

ऐंशी उलटल्यावरची गोष्ट. थंडीचे दिवस होते. रायपूरकडचा एक ड्रायव्हर दुकानात आला, भाभीजी म्हणून हाक मारली आणि गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी गल्ल्यावर ठेवलं. आत हिरामणचं रीळ होतं. ओळखू येत नव्हतं. पितळ हिरवं पडलेलं, हँडल जागचं हलत नव्हतं. त्यानं सांगितलं ते असं. हिरामण सुटीच्या दिवशी एका कोळ्याच्या नावेतून खोल समुद्रात गरी टाकायला जायचा, हेच रीळ घेऊन. थंडीतल्या एका पहाटे त्याला भलामोठा मासा लागला. मासा पळाला आणि रीळ अडकलं. दोरा सुटेना. काठी हातातून जाईल म्हणून हिरामणनं दोराच हातानं धरला. दोऱ्यानं उजव्या हाताची बोटं हाडापर्यंत कापली. सरकारी दवाखान्यात पडला होता, आता बरा आहे. त्यानं एवढंच सांगितलंय की रीळ जिथून घेतलं तिथं द्या, आणि जमलं तर बाबाला सांगा की काळजी करू नका.

मी स्क्रू काढून रीळ उघडलं. आत मीठ, गंज आणि मेणासारखा घट्ट चिकटा बसलेला. डिझेल आणि कुजक्या माशांचा वास. मी जन्मात समुद्र पाहिलेला नाही. मला वाटलं, खाऱ्या पाण्यानं असंच होत असेल. तलावाचं रीळ, ते बिचारं समुद्रात किती टिकणार? एस.टी.च्या कंडक्टरजवळ मी आसगावला निरोप धाडला.

दुसऱ्याच दिवशी काका आले. आधी हात कसा आहे हे विचारतील असं मला वाटलं होतं. त्यांनी ते रीळ उचललं, हँडल फिरवून पाहिलं, फिरत नाही म्हटल्यावर कानाला लावलं. न फिरणारं रीळ कानाला लावून हा माणूस किती तरी वेळ उभा होता. मग म्हणाले, समुद्रात अडकणार नाही असा रीळ पाहिजे. मी स्वतः घेऊन जाईन त्याच्याकडं.

मला इतका आनंद झाला की मी लगेच स्टुलावर चढून सगळं कपाट रिकामं केलं. पण तो आनंद काही टिकला नाही. काका दर आठवडी बाजाराला यायला लागले, आणि एकही रीळ त्यांच्या मनास येईना. आम्हीही त्यात अडाणीच. काकांनी यांना विचारलं, समुद्र किती पुरुष खोल असते? आमच्याकडे विहिरीची खोली पुरुषांत मोजतात, म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. काकांचा हिशेब असा की जितके पुरुष पाणी, तितका दोरा. यांनी समजावलं की समुद्रातला दोरा खोलीसाठी नसतो, माशाच्या पळण्यासाठी असतो. तिथला मासा एका दमात गावाची शीव ओलांडेल इतका पळतो. म्हणजे रीळ रुंद पाहिजे, भरपूर दोरा मावेल असं. ब्रेक एका चकतीचा नको, चकत्यांवर चकत्या असलेला पाहिजे, नाहीतर तापून जळतो. आणि खाऱ्या पाण्यानं गंजणारं लोखंड त्यात कुठंच नको. हे सगळं यांनी कलकत्त्याच्या दुकानदारांकडून ऐकलेलं. काका प्रत्येक गोष्टीवर मान डोलवायचे आणि पुढच्या बाजाराला नवीच खोट काढायचे. हा हलका वाटते. याची मूठ गुळगुळीत हाय, ओल्या हातातून सटकन. हा फिरते बरोबर पण आवाज कसा रडवा हाय.

एका बाजाराच्या दिवशी माझा बांध फुटला. दुकानात गर्दी, बाहेर बंड्यांची रांग, आणि काका त्याच एका रिळाला उलटंपालटं करत बसलेले. मी त्यांच्या हातातून ते काढून घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "काका, तुमाले रीळ नाही पाहिजे. तुमाले तिकडं जाचंच नाही."

काका रागावले नाहीत, हेच मला जास्त लागलं. हळूच म्हणाले, "जाऊन बोलू काय, बाई? एवढ्या वर्षानं त्याच्यापुढं उभा राहीन, त पहिला शब्द कोणता काढू?"

त्यांच्याकडे पाठ करून मी उगाच सूत मोजत बसले, आणि वळून पाहिलं तोवर ते बसला गेले होते. पुढचे काही बाजार आलेच नाहीत. त्या दिवसांत मी घरात नुसती येरझाऱ्या घालत होते. शेवटी हेच म्हणाले, अगं बस, नाहीतर मी कलकत्त्याला निघतो. आणि खरंच निघाले.

येताना जे रीळ आणलं तसं मी आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. कलकत्त्याच्या गोदीजवळच्या जुन्या बाजारातून, कुठल्याशा जहाजावरून उतरलेलं. नारळाएवढं मोठं, एका हाताला जड, बाजूला चांदणीसारखी ब्रेकची चकती. फिरवलं तर आवाजसुद्धा घोगरा, मोठ्या माणसाचा. मी पुन्हा कंडक्टरला गाठलं.

काका सकाळच्या पहिल्या गाडीनं आले. धानाची मळणी आटोपायला आली होती आणि थंडी मी म्हणत होती. त्यांनी रीळ पाहिलं, कानाला लावलं नाही. म्हणाले, सायकल नोको. सायकलनं काय कळन? समुद्रातली मासोळी सायकल हाय काय?

तेवढ्यात शेजारच्या गोठ्यातला हल्या सोडला. हल्या म्हणजे रेडा. सकाळी दावं सुटलं की हा तळ्यावर पाणी प्यायला निघायचा, आणि मध्ये भिंत आली तरी थांबला नसता. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी हल्याकडे पाहिलं. यांनी नको नको म्हणेपर्यंत मी दोऱ्याचं टोक हल्याच्या गळ्यातल्या दाव्याला बांधून मोकळी झाले होते.

पुढं जे झालं ते साकोलीत कित्येक वर्षं लोक सांगत. हल्या आपल्या चालीनं निघाला, दोरा सुटत राहिला, रीळ गुरगुरत राहिलं. काकांनी चांदणी थोडी आवळली. हल्याला मान ओढल्यासारखी वाटली, तो बिथरला आणि धावला. काकाही धावले, म्हणजे धावावंच लागलं. गल्लीतून, आटाचक्कीच्या ओट्याला वळसा घालून, वाळत घातलेल्या कोणाच्या लुगड्याखालून. पागोटं मागे पडलं, एक वहाण गेली. मी मागून ओरडत होते, आवळा काका, आणखी आवळा. पानठेल्यावरची सगळी माणसं आमच्या मागे. सूत न्यायला आलेली ती म्हातारी ढिवरीणसुद्धा पदर खोचून पळत होती, आणि हसून हसून तिला श्वास पुरत नव्हता. काका तळ्याच्या चिखलात गुडघ्यापर्यंत गेले, पण काठी सोडली नाही. चांदणीवर अंगठा दाबून मागे रेलले. दोरा तारेसारखा ताणला गेला. हल्या एक पाऊल पुढं गेला, अर्धं पाऊल गेला, आणि पाण्याच्या काठाशी उभा राहिला. तुटलं काहीच नाही.

काका चिखलात उभे राहून रडत होते. लोकांना वाटलं हसताहेत.

दुकानात आणून मी त्यांना यांचं कोरडं धोतर दिलं आणि चहा टाकायला आत गेले. जाता जाता आनंदानं माझी बडबड चालूच होती, आता बांधाबांध करते, आता ट्रक बघते. चहा घेऊन बाहेर आले तर काका गल्ल्यापाशी बसले होते. नवं रीळ उघडून ठेवलेलं, आणि पिशवीतून टोरीच्या तेलाची बाटली काढलेली. पहिला थेंब आपल्या हातानं सोडायचा होता ना.

थेंब पडत नव्हता. थंडीनं तेल गोठलेलं, बाटलीत पिवळ्या मेणाचा गोळा. आमच्याकडे हिवाळ्यात घरोघरी हेच, त्याचं कोणाला काही वाटत नाही. बाटली चुलीजवळ ठेवायची किंवा काखेत धरायची, की पातळ होतं. काकांनीही सवयीनं बाटली काखेत धरली. चहा घ्यायला हात पुढं केला आणि तसाच थांबला.

त्यांची नजर कपाटाच्या वरच्या फळीवर गेली, जिथं मी हिरामणचं मोडकं रीळ ठेवलं होतं. माझीही तिकडेच गेली. मी स्टूल न घेताच टाचा उंचावून ते खाली काढलं. आतला तो घट्ट चिकटा नखानं खरवडला, आणि चहाच्या गरम कपाच्या कडेला लावला. तो वितळला. डिझेल नाही, मासा नाही, आता वास टोरीचाच आला. लहानपणापासून ज्या वासात वाढले तो.

मासा लागला तेव्हाही हिवाळ्यातली पहाट, तेल रिळात असंच गोठलेलं. समुद्रावर चूल कुठली आणि काख कुठली? पोरगा आठ दिवसांनी न चुकता तेल पाजत राहिला. बापानं सांगितलं होतं म्हणून. बापानं तोंड पाहायचं नाही म्हटलं, तरी बापाचं हे एक ऐकणं त्यानं सोडलं नव्हतं. तिकडे टोरीचं तेल तो कुठून मिळवत होता देव जाणे.

काका उठले. चहा तसाच राहिला. पायात एकच वहाण, अंगावर यांचं आखूड धोतर. बाटली पिशवीत घातली आणि सरळ रस्त्यावर जाऊन रायपूरकडे जाणाऱ्या ट्रकला हात दाखवायला लागले. मी ते मोठं रीळ दोन्ही हातांत धरून मागे पळाले. म्हटलं, काका, रीळ राहिला.

"राहू दे. रीळ तो आपल्या हातानं निवडल," ते म्हणाले. "तेल माझं होतं, एवढं त्याले सांगून येतो."

पहिला ट्रक थांबला नाही. दुसरा थांबला. यांनी वहाणा काढून त्यांच्या पायात सारल्या आणि मी ड्रायव्हरला इतक्या सूचना दिल्या की तो वैतागून म्हणाला, बहनजी, आपही बैठ जाओ. ट्रक दिसेनासा झाला तरी मी रस्त्यावरच होते. त्यानंतरचे दोन महिने कसे काढले ते माझं मला माहीत. प्रत्येक ट्रकला मान वर, प्रत्येक ड्रायव्हरला तोच प्रश्न. धंद्याकडे लक्ष नव्हतं. एकाला तर मी सुताऐवजी सुतळी बांधून दिली.

पुढं आमचा धंदाही बदलला. यंत्रावर विणलेली तयार नायलॉन जाळी आली आणि सूत घेणारं कोणी उरलं नाही. ती म्हातारी ढिवरीण अधूनमधून नुसतीच येऊन बसायची. रिळांची थट्टा करायची पण बोटं हवेत गाठी मारत राहायची. मुलांनी दुकानाचं हार्डवेअर केलं. हल्याला थांबवणारं ते रीळ मात्र मी विकलं नाही. मागणाऱ्यांना सांगायची, ते दुसऱ्याचं आहे. आता ते माझ्या खिडकीत असतं. लिहिताना अडलं की मी फिरवते.

ते दुसऱ्याचं का झालं नाही, एवढं सांगायचं राहिलं. मोह वेचायचे दिवस होते. दुपारच्या गाडीतून काका उतरले आणि त्यांच्यामागून हिरामण. चांगला भरलेला, उन्हानं काळा झालेला. मी पहिल्यांदा त्याच्या हाताकडेच पाहिलं. उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती. आता बोटीच्या इंजिनावर काम करतो म्हणाला, ते डाव्या हातानं निभतं. मी ते मोठं रीळ त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं चांदणी चाचपली, खूश झाला, हल्याची गोष्ट मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली आणि पोट धरून हसला. मग रीळ माझ्याकडे सरकवून म्हणाला, ताई, हे माझ्या हाताला नाही पेलायचं. बाबासाठी गावच्या तलावाचं द्या, जुनं होतं तसलं. सुटीभर दोघं बसू.

मी कपाट उघडलं. त्यानंच एक निवडलं, ब्रेक पाहून. काकांनी ते घेतलं आणि कानाला लावलं. ऐकून झाल्यावर त्यांचा हात सवयीनं पिशवीत गेला आणि रिकामाच बाहेर आला. मी गल्ल्यावर शिवणयंत्राच्या तेलाची डबी ठेवली. काकांनी तिला हात लावला नाही. रीळ हिरामणपुढं ठेवलं.

"तेल तू घाल," ते म्हणाले.

हिरामणनं डाव्या हातानं डबी धरली आणि एकेक थेंब सोडत राहिला. ते होईस्तोवर मी जागची हलले नाही.